गद्दार म्हणू, फितूर म्हणू की विश्वासघातकी?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण मिळून शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेत होतो. मध्यंतरी ती 'मला आता जमणार नाही' एवढंच सांगून बाहेर पडली. पुढे एका पालकांकडून कळलं, की तिने स्वतःचे वर्ग सुरू केलेत. आमच्या वहीतले पालकांचे फोन नंबर तिने आधीच उतरवून घेतले होते आणि निघण्यापूर्वीच त्यांतल्या बऱ्याच जणांशी बोलून ठेवलं होतं. आमच्याकडे मदतीला असलेली मुलगीही आता तिच्याकडे जाते. तिला सगळं मीच हाताला धरून शिकवलं होतं. परवा रात्री मी मोबाइलवर मेसेज लिहिला, 'तू गद्दार निघालीस.' अजून पाठवलेला नाही. नवरा म्हणतो, गद्दार फार होतं, विश्वासघातकी लिही. बहीण म्हणते, सरळ फितूर म्हण, आणि त्या पोरीला नमकहराम. शाळेत तर हे सगळे समानार्थी शब्द म्हणून पाठ केले होते. मग यांतला नेमका कुठला लिहू? आणि हाच मेसेज पालकांच्या ग्रुपवर टाकला तर चालेल का?

उत्तर : मेसेज पाठवला नाहीत हे फार बरं केलंत. तुमचा राग रास्त आहे, तो गिळून टाका असं मी मुळीच सांगणार नाही. पण जो शब्द तुम्ही लिहिलात तो तुमच्या रागाचं कारणच सांगत नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात ती काय वागली ते किती स्पष्ट आलंय! मेसेजमध्ये त्यातलं काहीच नाही.

आधी तुमचा शब्दांचा प्रश्न घेते, कारण सल्ला त्यातूनच निघतो.

शाळेतल्या यादीत दगा, फितुरी, गद्दारी, बेइमानी, विश्वासघात हे सगळे स्वल्पविराम देऊन एका ओळीत बसवलेले असतात. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. बोलताना मात्र आपण एकाच्या जागी दुसरा ठेवत नाही. 'यंदा पावसाने दगा दिला' हे आपण सहज म्हणतो, 'पावसाने विश्वासघात केला' असं कुणाच्या तोंडी येत नाही. ऐन परीक्षेत प्रकृती दगा देते, ती फितूर होत नाही. साक्षीदार फितूर होतो, आमदार फुटतो, भागीदार बेइमान निघतो, आणि नवऱ्याचं बाहेर काही असेल तर त्याला बाहेरख्याली म्हणतात, गद्दारी म्हणत नाहीत. प्रत्येक शब्दाला कर्ता वेगळा लागतो, आणि मोडलेलं नातंही वेगळं. तुम्हाला फरक वाटतोय तो खराच आहे.

आता तुमचा पहिला शब्द, गद्दार. हा अरबीतून आला. मूळ 'गद्र', म्हणजे दिलेला शब्द मोडून उलटणं. १८५७ च्या उठावाला ज्यावरून 'गदर' म्हणतात तोच हा शब्द. अरबीत या धाटणीचा शब्द एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करणाऱ्यासाठी, ती ज्याचा स्वभावच बनलीय अशा माणसासाठी बनतो. म्हणजे एकदा उलटला तो गद्दार नव्हे, उलटणं हेच ज्याचं काम तो गद्दार. मराठीत आपण ही बारीक छटा उघड ओळखत नाही, पण शब्दाचा दणका तेवढाच राहिला आहे. 'तू गद्दार निघालीस' मधलं 'निघालीस' बघा. त्याचा अर्थ, तू आधीपासून अशीच होतीस, मला आत्ता कळलं. कॉलेजपासूनची सगळी वर्षं एका क्रियापदात पुसली गेली. तुम्हाला खरंच असं वाटतं का? तुमच्या पत्रावरून तरी मला तसं वाटलं नाही.

दुसरं असं, की गद्दार म्हणायला एक गट लागतो. सैन्य, पक्ष, चळवळ, देश. 'हा आपल्यातला होता, आता नाही, त्याला बाहेर काढा' असा पुकारा त्या शब्दात असतो, म्हणून राजकारणात तो इतका चालतो. दोन मैत्रिणींमध्ये गट कुठला? हा शब्द वापरला की तो उभा करावा लागतो. कोण माझ्या बाजूने, कोण तिच्या बाजूने, अशी विचारणा सुरू होते. तुमच्या मनात पालकांचा ग्रुप आला तो मला वाटतं याच ओढीने आला.

आणि हा शब्द कोण उच्चारतो यावर त्याचा अर्थ पार उलटू शकतो. लोकमान्य टिळकांवर इंग्रज सरकारने १८९७ साली आणि पुन्हा १९०८ साली राजद्रोहाचा खटला चालवला. दुसऱ्या वेळी सहा वर्षांची शिक्षा देऊन त्यांना मंडालेला ठेवलं. सरकारच्या कागदावर ते द्रोही, लोकांच्या मनात देशभक्त. अमेरिकेतल्या भारतीय क्रांतिकारकांनी १९१३ साली काढलेल्या वर्तमानपत्राचं नाव चक्क 'गदर' ठेवलं आणि त्यांची संघटनाही त्याच नावाने ओळखली गेली. राज्यकर्ते ज्याला बेइमानी म्हणत, ते त्यांनी अभिमानाने मिरवलं. घरातला विभीषण घ्या. रावणाच्या बाजूने पाहिलं तर घरभेदी, आणि तरीही सात चिरंजीवांच्या श्लोकात त्याचं नाव आहे. या जातीचा शब्द वापरणारा स्वतःची बाजू आधी खरी धरून चालतो. तुमची बाजू बरीचशी खरी आहे असं मलाही वाटतं. तरी तिच्याकडून पाहिलं तर 'मी माझं स्वतःचं काही सुरू केलं' एवढंच दिसत असेल, आणि तेवढ्या भागात ती चुकलेली नाही. वेगळं होण्याचा हक्क तिला होता.

आता बहिणीचा शब्द. फितूर हा अगदी मराठी मुरलेला शब्द आहे. मूळ अरबी, पण हिंदीत गेला तेव्हा त्याचा अर्थ डोक्यातलं खूळ असा झाला आणि मराठीत तो शत्रूला जाऊन मिळणं या अर्थी रुजला. दोन्ही भाषा जाणणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. मराठीत फितूर म्हटलं, की दोन माणसं आलीच, एक फितणारा आणि एक फितवणारा. आमिष, धाक, जुनं वैर, काहीतरी दाखवून कुणीतरी त्याला ओढून नेलेलं असतं. किल्ल्यांच्या काळात या शब्दाला धार आली, कारण वेढ्याने महिनोन्महिने न पडणारा गड आतल्या एका माणसाने दार उघडलं की पडायचा. सूर्याजी पिसाळ हे नाव आपण आजही फितुरीचं दुसरं नाव म्हणून वापरतो. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला, त्याच्याशी ते जोडलेलं आहे. त्या हकीकतीबद्दल अभ्यासकांमध्ये वाद आहेत, पण वाक्प्रचार कागदपत्रांची वाट पाहत नाही. तीनशे वर्षं उलटून गेली तरी चिकटलेलं नाव निघालं नाही.

तुमच्या मैत्रिणीला कुणी फितवलं नाही. ती कुणाला जाऊन मिळाली नाही, तिने स्वतःचंच वेगळं दुकान मांडलं. त्यामुळे हा शब्द तिला लागूच होत नाही. लावायचाच तर मदतनीस मुलीला लावता येईल, आणि तोही एकाच परिस्थितीत : तुमच्याकडे काम करत असतानाच ती इकडचं तिकडे पुरवत होती असं तुम्हाला पक्कं ठाऊक असेल तर. नुसती नोकरी बदलली तर ती फितुरी नाही.

फितुरीवरून कोर्टातली एक गोष्ट सांगते, ती तुमच्या कामाची आहे. साक्षीदाराने आधीचा जबाब फिरवला की बातमीत 'साक्षीदार फितूर' असा मथळा येतो. कायद्याच्या कलमात असा शिक्का नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १५४ मध्ये आणि आता २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १५७ मध्ये एवढंच म्हटलंय, की विरुद्ध पक्ष उलटतपासणीत विचारू शकेल तसे प्रश्न आपल्याच साक्षीदाराला विचारण्याची परवानगी न्यायालय देऊ शकतं. आणि तशी परवानगी दिली म्हणून त्याची सगळी साक्ष रद्द होत नाही, तिच्यातला विश्वासार्ह भाग ग्राह्य धरता येतो. इतक्या वर्षांच्या मैत्रीतलं काय खरं होतं आणि काय नव्हतं, हे एका महिन्याच्या वागण्यावरून ठरवायचं का, हा प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारून बघा.

नमकहराम या शब्दाबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. तो मला अजिबात पटत नाही, निदान आजच्या कामाच्या नात्यात. त्याचा जोडीदार वाक्प्रचार 'खाल्ल्या मिठाला जागणे'. धनी मीठ घालतो, चाकर खातो आणि आयुष्यभर त्या मिठाचं ऋण वाहतो, असं जग त्यामागे आहे. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' हेही त्याच जगातलं. तुमच्याकडची मुलगी काम करत होती आणि त्याचा पगार घेत होती. म्हणजे महिन्याच्या महिन्याला हिशेब पुरा होत होता, ऋण उरलं नाही. तुम्ही तिला शिकवलंत हे पगारापलीकडचं होतं, मान्य. त्यासाठी मराठीत कृतघ्न हा शब्द आहे. केलेल्या उपकाराचा घात करणारा तो कृतघ्न. कृतज्ञ आणि कृतघ्न यांत एका अक्षराचाच काय तो फरक. पण 'मला ताईंनी काहीच शिकवलं नाही' असं ती म्हणत फिरत असेल तरच तो लावावा. दुसरीकडे कामाला गेली म्हणून कुणी कृतघ्न होत नाही.

बेइमान या शब्दात इमान आहे. हिंदीत बेईमानी म्हटलं की आधी पैशाची लबाडी डोळ्यांपुढे येते. मराठीत पैशाची लबाडी तर येतेच, शिवाय निष्ठाही येते, म्हणून आपण इमानेइतबारे काम करतो आणि कुत्र्याला इमानी म्हणतो. तुमच्या पत्रात पैशाच्या हिशेबाबद्दल एक ओळही नाही. फीचे पैसे, ठेव, सामायिक खातं यांत काही गोंधळ नसेल तर बेइमान लिहू नका, वाचणारा आधी तोच अर्थ घेईल. अपहार, फसवणूक हे तर कायद्याचे शब्द आहेत, त्यांच्या पाठीशी कागद लागतात.

प्रतारणा हा शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण हल्ली तो चुकीच्या अर्थाने लिहिलेला फार दिसतो म्हणून सांगते. प्रतारणा म्हणजे विश्वासात घेऊन केलेली फसवणूक. हिंदीतल्या 'प्रताड़ना'शी, म्हणजे छळाशी, त्याचा काही संबंध नाही. 'तिने माझ्या मैत्रीशी प्रतारणा केली' हे वाक्य शुद्ध आहे आणि बरंचसं खरंही आहे. फक्त ते भाषणातलं वाटतं. मैत्रिणीला रात्री मेसेज करताना कुणी प्रतारणा लिहीत नाही.

राहिला तुमच्या यजमानांचा शब्द. या सगळ्यांत ते सर्वांत जवळ पोचले आहेत. विश्वासघाताला आधी विश्वास लागतो, तो उघड ठेवलेला, समोरच्याला माहीत असलेला. तुम्ही वही उघडी ठेवत होतात, कारण ती बघणार ती तुमचीच भागीदार. त्या वहीचा वापर तिने तुमच्यामागे केला. इथे घात आहे. केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार अशाच प्रसंगासाठी झालाय : जवळ बसून, गोड बोलून, समोरच्याला कळणारही नाही इतक्या अलगद. अस्तनीतला निखारा हाही तसाच, स्वतःच्या बाहीत जपलेला. हिंदीत त्या जागी साप असतो, आपल्याकडे निखारा आहे, आणि मला आपलं चित्र जास्त नेमकं वाटतं. निखारा ऊब देतो म्हणून तर जवळ ठेवलेला असतो.

पण यजमानांनाही माझं एक सांगणं आहे. 'विश्वासघातकी' आणि 'विश्वासघात केलास' यांत मोठं अंतर आहे. पहिलं माणसाचं नाव ठेवणं आहे, दुसरं कृतीचं. गद्दार, दगाबाज, विश्वासघातकी, बेइमान हे सगळे माणसाला लागतात. दगाबाजमधला 'बाज' तर ज्याला त्या गोष्टीची चटक आहे त्याच्यासाठीच लागतो. दगा दिलास, विश्वासघात केलास, शब्द फिरवलास, हे त्या वेळच्या वागण्याला लागतं. आपल्या वागण्याबद्दल माणूस बोलू शकतो, कारण देऊ शकतो, शरमू शकतो, माफी मागू शकतो. 'तू गद्दार आहेस' याला 'मी नाही' किंवा 'तूच आहेस' यापलीकडे उत्तर नाही. आणि तुम्हाला तिच्याकडून उत्तर हवंय. पत्रात तुम्ही तसं लिहिलं नाहीत, पण जिच्याशी कायमचं संपलं तिच्यासाठी कुणी एवढा शब्द शोधत बसत नाही.

म्हणून आता मोठे शब्द बाजूला ठेवा आणि आपण घरात रोज बोलतो त्यांत शोधा. तिथे मराठी फार श्रीमंत आहे. ऐनवेळी हात वर केले. तोंडघशी पाडलं. वाऱ्यावर सोडलं. पाठ फिरवली. कच खाल्ली. पलटी मारली. अंधारात ठेवलं. यांतला प्रत्येक वेगळी गोष्ट सांगतो. हात वर करणारा जबाबदारी टाळतो, पण लपवत नाही. कच खाणारा घाबरलेला असतो. वाऱ्यावर सोडणाऱ्यामागे कुणीतरी निराधार उरतं. तिने यांतलं काय केलं? तुमच्या हकीकतीतली 'ती गेली' ही बाब बाजूला काढा, कारण ती तक्रारीची गोष्टच नाही. मग दोनच उरतात. तिने खरं कारण लपवलं आणि तुमच्या दोघींची वही एकटीसाठी वापरली. पहिल्यासाठी मराठीत 'अंधारात ठेवलंस' इतका नेमका दुसरा शब्दप्रयोग मला तरी सुचत नाही. दुसऱ्यासाठी विशेषण लागतच नाही, जे झालं ते सांगितलं की पुरे.

तुमच्या जागी मी असते तर साधारण असं लिहिलं असतं : 'तू वेगळे वर्ग काढलेस याचं मला वाईट वाटलं असतं, पण राग आला नसता. तू मला अंधारात ठेवलंस. जमणार नाही म्हणालीस आणि तेव्हाच आपल्या वहीतल्या पालकांना फोन करत होतीस. हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं, पालकांकडून कळलं. हा विश्वासघात आहे आणि तो मला फार लागलाय. यावर तुला काय म्हणायचंय ते मला ऐकायचंय.' यात विश्वासघात हा शब्द आलाय, आणि तो मी मुद्दाम ठेवलाय. मिळमिळीत लिहा असं मी सांगत नाही. फक्त त्याच्या आधी घडलेली गोष्ट आली, त्यामुळे तो आता आरोप करून मोकळा होत नाही, स्वतःच्या पायावर उभा राहतो. तुमच्या शब्दांत फिरवून घ्या, तुम्ही दोघी एकमेकींशी जशा बोलता तसं.

पाठवण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्या, आणि मोठ्याने वाचून बघा. मोठ्याने वाचताना जो शब्द तुमच्या तोंडचा वाटत नाही तो काढून टाका.

पालकांच्या ग्रुपवर मात्र टाकू नका, कुठल्याच शब्दात. तिला एकटीला लिहिलेलं दोघींत राहतं. ग्रुपवर टाकलं, की एका व्यक्तीची अब्रू जाईल असं विधान तुम्ही तिऱ्हाइतांपुढे केलेलं असतं, आणि अब्रुनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. खरं बोलणं हा त्यात बचाव आहे, पण ते सार्वजनिक हितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. 'गद्दार' खरं की खोटं हे सिद्ध कसं करणार? शिवाय पालकांना त्यांच्या मुलांचा अभ्यास पुढे कोण आणि कसा घेणार एवढंच जाणून घ्यायचं असतं. त्यांना तेवढंच कळवा : वर्ग चालू आहेत, वेळा ह्या, पोर्शन इथवर आलाय. मैत्रिणीचं नाव त्यात नको, चांगल्या अर्थानेही नको.

सामायिक असं जे काही असेल, आगाऊ घेतलेली फी, पुस्तकं, जागेची ठेव, त्याचा हिशेब वेगळ्या मेसेजमध्ये मागा. दुखावल्याचं आणि पैशाचं एकत्र लिहिलं तर ती पैशाचं तेवढं उत्तर देईल आणि बाकीचं तसंच राहील.

त्या मुलीला सध्या काहीच लिहू नका. ती वयाने लहान आहे, दोन मोठ्या बायकांच्या मध्ये अडकली होती, आणि तुमच्या मैत्रिणीने तिला काय सांगून नेलं हे तुम्हाला अजून ठाऊक नाही. कदाचित तिलाही अंधारातच ठेवलं गेलं असेल. रस्त्यात भेटली तर नेहमीसारखं बोला आणि तिचं काम कसं चाललंय ते विचारा.